करंगळी

दसरा उलटला, दुकानांत आकाशकंदील लागले, तरी पावसाला काही जायची शुद्ध नव्हती. सकाळी चांगलं लख्ख ऊन पडायचं, केसर घाईघाईनं वलांडीच्या, म्हणजे वाळवणाच्या मांडवाच्या, बांबूंवर बोंबील टांगायची, आणि दुपार कलते न कलते तोच समुद्रावरून काळं उठून यायचं. बांबूवर जबडे अडकवून लोंबणारे बोंबील भिजायचे, मऊ पडायचे, त्यांना वास सुटायचा. ज्या दिवशी पुन्हा तेच झालं त्या दिवशी केसरनं शिवीसुद्धा दिली नाही. सगळे बोंबील ओढून काढले, शेजाऱ्याच्या नारळांच्या बुडात घातले, आणि बर्फाच्या गाडीवाल्याला निरोप धाडला, की आमच्या दारातपन कोलंबी सोलायला टाकत जा.

तेव्हापासून पडवी कधी कोरडी झाली नाही. दिवस उजाडायला गाडी यायची, दुपारी सोललेला माल न्यायला परत. बर्फात पुरलेल्या कोलंबीच्या टोपल्या उतरायच्या. केसर एका पाटावर, तिची मुलगी प्राप्ती दुसऱ्या. डोकं मोडायचं, पोटाकडून साल फाडायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा, सोललेली परातीत टाकायची. बर्फानं बोटं बधिर होत, आणि बरंच म्हणायचं, कारण कोलंबीच्या डोक्यावरचा काटा बधिर बोटात शिरला तर लगेच कळत नाही. घराचा मुलगा विनेश बोटीवर होता. तो आला की दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा.

किशोरी त्याची बायको. अलिबागची, बी.कॉम. झालेली. बाप कचेरीत कारकून, त्यामुळे जातीनं कोळी असूनही कोलंबीचं तोंड तिनं ताटातच पाहिलेलं. ती सोलायला बसत नसे. लेक अमिषा दीड वर्षाची, दात येत होते, जे दिसेल ते तोंडात घालायची. आईची बोटं तर आधी. काट्याचा सल, बर्फाचं घाण पाणी पोरीच्या पोटात गेलं तर काय, ही धास्ती किशोरीला जागेपणी आणि झोपेतही. केसरनं एकदाच म्हटलं होतं, "आमची पोरं काय दगड चोखून वाढली?" पुन्हा बोलली नाही. पण किशोरीच्या वाटणीची टोपली प्राप्तीच्या पाटापुढे सरकली ती सरकलीच.

प्राप्ती दहावीला होती. शाळेची वेळ झाली की ती परात आईकडे ढकलायची, हात धुवायची आणि मोरीवरच्या वाटीतल्या तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून उभी राहायची. तुरटीनं कातडं घट्ट होतं, चिरा मिटतात. केसर सांगायची, "बुडव नीट. उद्या परत बसायचंय." मग गणवेश, दोन वेण्या, आणि बोटांच्या टोकांना लिंबू चोळत पोरगी रस्त्याला लागायची.

अशा एका सकाळी किशोरीच्या फोनवर शाळेचा संदेश आला. पालकांनी येऊन भेटावे.

"काय केलंन हिनं?" केसरनं विचारलं.

"लिहिलं नाही काही. आई, तुम्ही जाता का?"

"मी जाऊन काय बोलू? तू जा. शिकलेली हायस ना." केसरनं मान वर केली नाही. "पोरीला ठेव हवं तर. मी बघते."

किशोरीनं पाण्यानं भरलेल्या पडवीकडे, कडेला पडलेल्या टरफलांच्या ढिगाकडे पाहिलं आणि अमिषाला कडेवर घेतलं.

शाळा टेकाडाच्या अंगाला, खाडीकडे पाठ करून. दारावर फलक: शंभर टक्के निकालाची परंपरा. मुख्याध्यापक वयस्कर, खादीचा शर्ट, बोलणं गोड. त्यांच्या शेजारी गणिताचे प्रज्योत सर उभे. तासांवर नेमलेला तरुण मुलगा, डोळ्यांखाली काळं, हातात टॅब. संस्थेनं दिवाळीच्या सुट्टीनंतर गणितासाठी टॅब आणले होते. मुलांनी त्यावर गणितं सोडवायची. कोण कुठं अडलं हे ॲप आपोआप सांगतं.

"बघा ताई, गैरसमज करून घेऊ नका," मुख्याध्यापक म्हणाले. "दाखव रे त्यांना."

प्रज्योत सरांनी टॅब पुढे केला. नावांची उतरंड, प्रत्येकापुढे रंगाचा ठिपका. बहुतेक हिरवे, काही पिवळे. प्राप्तीपुढे लाल. त्याखाली बारीक अक्षरात: प्रयत्न अपुरे. विषयाविषयी रुची कमी.

"रुची पण कळते यात?" किशोरीनं विचारलं.

"सुरुवातीला पाहणी होती," सर म्हणाले. "गणिताबद्दल तुम्हाला काय वाटतं, अशी. हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा. तिनं एकालाही हात लावला नाही. आणि टेस्ट अर्धवट सोडून जाते."

"कुठे जाते?"

सर जरा घुटमळले. मग त्यांनी उजव्या हाताची करंगळी उभी केली. "टॅब हातात दिला की हे. दर वेळी. फळ्यावर शिकवत असलो तर बसते गप. टॅब आला की हिला लागलीच. मी एकदा म्हटलंही, अगं डॉक्टरला दाखव."

मुख्याध्यापक हसले, मग हसू आवरून त्यांनी खणातून एक कागद काढला. "सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका. मुलगी बाहेरून बसेल. वर्गात येऊन बसली तरी आमची ना नाही. फक्त नाव शाळेकडून जायला नको. एकीमुळं सगळ्यांचा निकाल खाली येतो, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतं."

कळत होतं. बाहेरून म्हणजे काय ते किशोरीनं माहेरच्या आळीत पाहिलं होतं. नाव बाहेर गेलं की मागोमाग पोरगी बाहेर येते. आधी बाकावरची जागा कडेला सरकते, मग एखाद्या सोमवारी जायचा कंटाळा, मग घरचं कोणी "जा" म्हणत नाही. मार्चपर्यंत प्राप्ती दिवसभर पाटावर बसलेली असेल आणि केसर नात्यात मुलगा विचारत असेल. अमिषानं टेबलावरचा कागद ओढला. किशोरीनं तो तिच्या मुठीतून सोडवला, सरळ केला, परत ठेवला.

"परत एकदा टेस्ट घ्या सर. मी घरी बघते तिचं."

"पुढच्या आठवड्यात घेऊ," मुख्याध्यापक म्हणाले. "पण लाल राहिलं तर सही करून टाकायची. फॉर्मची मुदत काही आपल्यासाठी थांबत नाही."

घरी येऊन तिनं केसरला घडलं तेवढं सांगितलं. केसरनं ऐकून घेतलं, एका कोलंबीचं डोकं मोडलं. "न्हाय झेपत तर न्हाय झेपत. माज्या आयशीला येत व्हतं काय गणित? बाहेरून तर बाहेरून."

"आई, बाहेरून बसली तर ती बसणारच नाही."

"मग घरात कामाला माणूस कमी हाय का जास्त हाय?"

 किशोरी घरात गेली आणि पोरीचे कपडे बदलायला लागली. प्राप्ती शाळेतून आल्यावर तिनं विचारलं, टेस्ट अर्धवट का सोडतेस. प्राप्तीनं दप्तर खुंटीला लावलं, "काय माहीत" म्हणाली आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

रविवारी शाळा नव्हती म्हणून टोपल्या जास्त आल्या. दुपारी केसर भरलेल्या पराती घेऊन गाडीपर्यंत गेली. अमिषाला नुकता डोळा लागला होता. किशोरीनं सरांकडून ॲप आपल्या फोनवर घेतलं होतं. पिढं ओढून ती प्राप्तीच्या पाटाशी बसली.

"पूस हात. एक गणित कर माझ्यासमोर."

"आता?"

"आई येईपर्यंत."

प्राप्तीनं फ्रॉकला हात पुसला. दोन चलांतलं समीकरण होतं, खाली चार उत्तरं. ती ओठ हलवत वाचत राहिली. पाटावरच्या पाण्यात तर्जनीनं काहीबाही मांडलं, चुकलं, तळव्यानं पुसलं, परत मांडलं. फार हुशारीचं नव्हतं, पण जमत होतं. मग तिनं फोनवरच्या उत्तरावर बोट ठेवलं.

काहीच झालं नाही. तिनं परत दाबलं. अंगठ्यानं दाबलं. वरची वेळ पळत होती. मग तिनं बाकीची बोटं मुठीत दुमडली, करंगळी बाहेर काढली आणि तिच्या टोकानं टिचकी दिली. उत्तर उमटलं.

इतकं सरावाचं होतं ते, की किशोरीला आधी कळलंच नाही आपण काय पाहिलं.

"परत कर."

"काय?"

"ते. करंगळीचं."

प्राप्तीनं हात मागे घेतला. "ही चालते," ती म्हणाली. "बाकीची न्हाय चालत."

"आण इकडे हात."

"वास येतो, वहिनी."

"आण म्हटलं ना."

किशोरीनं तिचा हात मांडीवर घेऊन उलटा केला. बोटांची टोकं पांढरी, टणक, कालवाच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकचकीत. रेषा म्हणून उरल्या नव्हत्या. जिथं कातडं होतं तिथं चिरा, आणि एका चिरेवर चिकटपट्टी. किशोरीनं तर्जनीच्या टोकावर नख रोवलं. "लागतं?"

"दाबलंस का?" प्राप्तीनं विचारलं.

करंगळी तेवढी मऊ होती. सोलताना करंगळीला काम नसतं.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"पयल्यांदा सांगितलं. सर, उमटत न्हाय. बोलले हात धुवून ये. धुवून आले तरी न्हाय. बाजूला तो शुभम बसतो ना, बोलला, सर, मासलीचा टॅब वेगळा ठेवा." तिनं कोलंबी उचलली, डोकं मोडलं. हाताला काम असलं की तिला बोलणं सोपं जात होतं. "मग घरी तुझ्या फोनवर बघितलं सगली बोटं लावून. करंगळी चालली. वर्गात करंगळी काढली तर सर लांबून बोलले, जा, जाऊन ये. सगली हसली."

"मग?"

"मग गेले."

"जायचं नव्हतं तरी?"

"मग काय करू? सर जा बोलले ना."

 दर वेळी ही पोरगी अर्धं गणित टाकून उठली होती, सगळ्या वर्गासमोरून चालत गेली होती, मुतारीच्या दारात उभी राहून परत आली होती.

केसर रिकाम्या पराती घेऊन आली. किशोरीनं तिला सगळं सांगितलं, प्राप्तीचा हात धरून दाखवला. केसरनं हाताकडे पाहिलंच नाही. आपले दोन्ही अंगठे पुढे केले. ते हात जुन्या पाटासारखे झिजलेले होते.

"रेशनच्या दुकानात मशीनवर ठेवते तर मशीन बोलते, ही बाई न्हायच. मी उभी हाय समोर, जिती. दुकानदार मला बोलतो, मावशी, घरातलं दुसरं कोन आना." ती पाटावर बसली. "आता हिला पन न्हाय वलखत? लवकर लागली गो लायनीला."

"तिला टेस्ट होईपर्यंत बसवायचं नाही," किशोरी म्हणाली.

"आठवड्यात कातडं येतंय काय? माजं जन्मात आलं न्हाय."

"नाही आलं तर नाही. पण चिरा तरी मिटतील. आणि अभ्यासाला वेळ मिळेल."

"आणि टोपली कोन सोलंल? तुजा बी.कॉम.?"

प्राप्ती उठायला लागली होती ती अर्ध्यातच थांबली, आई बसवते की वहिनी उठवते, हे बघत. किशोरीनं साडीचा पदर खोचला. पिढं सरकवलं आणि प्राप्तीच्या पाटासमोर बसली.

"दाखवा कसं धरायचं," ती म्हणाली.

केसरनं दाखवलं नाही. पहिली टोपली होईपर्यंत नुसती बघत राहिली. किशोरीच्या हातून डोक्याबरोबर मांस तुटायचं, साल चिकटून यायची. बर्फाची कळ मनगटापर्यंत गेली, मग कोपरापर्यंत. काटा नखाखाली शिरला तेव्हा तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. "मास टाकून टरफल ठेवतेस गो," केसर म्हणाली. "पोटाकडनं धर. पाठीकडनं न्हाय." मग जरा वेळानं, "रात्री तुरटी लाव."

अमिषा उठून रडायला लागली. किशोरीनं साबणानं हात धुतले, लिंबू चोळलं, परत साबण लावला. पोरीला जवळ घेतलं तर तिनं आईचा हात हुंगला आणि मान फिरवली. दुसरीकडे वळवली तर तिकडेही फिरवली. किशोरीला वाटलं आता आपण रडू. मग भूक भारी पडली असावी. पोरीनं डोळे मिटून घेतले आणि प्यायला लागली.

टेस्टच्या दिवशी किशोरी शाळेत लवकर गेली. प्रज्योत सर मोटारसायकल उभी करत होते. सायकलींच्या पत्र्याखाली उभं राहून तिनं त्यांना सांगितलं. बोलताना आपले हात तिनं अमिषाच्या पाठीमागे धरले होते.

सर ऐकत राहिले. हेल्मेट काढलेलं तसंच हातात.

"करंगळीनं," ते म्हणाले.

"हो."

"मी तिला वर्गात बोललो तेव्हा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. टॅब काढून काहीतरी वरखाली केलं. "कारण लिहायची सोय आहे यात. नेट नाही, टॅब बिघडला, विद्यार्थी गैरहजर. बोट उमटत नाही, असा रकाना नाहीये, ताई. गैरहजर टाकलं तर ठिपका लालच राहतो."

"कागदावर घ्या ना सर. बोर्डाची परीक्षा तर कागदावरच आहे."

"मी घेतो की. हेडसरांना कागद नकोय, रंग हवाय." त्यांनी डोळे चोळले. "मलाही विचारतात, तुमच्या वर्गात लाल किती. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही तेही त्याच्यावरच."

"मग वेळ तरी जास्त द्या."

"वेळ टॅबच लावतो. माझ्या हातात नाही." ते वर्गाकडे निघाले, थांबले. "मी सांगतो मुलांना."

किशोरी व्हरांड्यात वर्गाच्या दाराशी उभी राहिली. पावसाची भुरभुर होती. पत्र्याच्या कडेवरून थेंब तिच्या खांद्यावर पडत होते. आत टॅब वाटले गेले. प्राप्ती मधल्या रांगेत, मान खाली. तिनं वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली, मग हात टॅबवर नेला. क्षणभर तर्जनीच पुढे आली. मग बोटं दुमडली.

"सर, करंगळी," शुभमचा आवाज आला. वर्ग हसला.

"गप रे," प्रज्योत सर म्हणाले. "तिला जायचं नाहीये. कोलंबी सोलून तिची बोटं उमटत नाहीत. ते एकच बोट चालतं. आपापलं बघा."

ते चांगल्या मनानं बोलले होते. पण सगळा वर्ग वळून प्राप्तीच्या हाताकडे बघायला लागला. मागून एक मुलगी हळहळली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट ऐकू आलं. प्राप्तीचे कान लाल झाले. ती आता उठून जाणार, किशोरीला वाटलं. दार उघडंच होतं. किशोरी दारातून बाजूला झाली, का ते तिलाही कळलं नाही. कदाचित पोरगी आलीच तर तिला वाट असावी म्हणून.

प्राप्ती उठली नाही. ती टॅबवर आणखी वाकली, वेण्या टॅबवर पडल्या तर त्या मागे टाकल्या, आणि करंगळीनं टिचकी देत राहिली. हात अवघडत होता. मधूनच ती मनगट झटकायची आणि परत करंगळी बाहेर काढायची. शेवटची गणितं राहिली असतानाच वेळ संपली आणि टॅब आपोआप बंद झाला.

टेस्टनंतर आपल्या खोलीत मुख्याध्यापकांनी चष्मा चढवून टॅबवर पाहिलं. "पिवळं."

"म्हणजे?" किशोरीनं विचारलं.

"म्हणजे पास होईल असंही नाही, नापास होईल असंही नाही."

"मग नाव राहील?"

 प्रज्योत सर खिडकीबाहेर बघत होते. "काठावरची मुलंच दगा देतात हो," मुख्याध्यापक म्हणाले. "पूर्वपरीक्षेचा निकाल बघू. तोवर राहू दे." मग जरा चिडून, "आणि बोटांचं काय ते आधी सांगायचं ना. आम्हाला काय स्वप्न पडतं?"

"सांगितलं होतं तिनं," किशोरी म्हणाली.

 फॉर्म मुख्याध्यापकांनी फाडला नाही. खणात परत ठेवला.

शाळा सुटली. वाटेत चिखल होता. प्राप्तीनं अमिषाला घ्यायला हात पुढे केला, पण पोरगी झोपली होती म्हणून किशोरीनं दिली नाही. दोघी कडेकडेनं चालल्या. पुलावर आल्यावर प्राप्ती म्हणाली, "वहिनी, एक सांगू? रागावू नको."

"सांग."

"मला गणित खरंच आवडत न्हाय."

किशोरी थांबली.

"त्या चेहऱ्यांत मी रडकाच दाबत व्हते," प्राप्ती म्हणाली. "उमटला न्हाय म्हणून राह्यलं. ॲपमधी काय चुकीचं न्हाय आलेलं."

खाली ओहोटीचं पाणी उतरत होतं, खुंटांना बांधलेल्या होड्या चिखलात कलत्या झाल्या होत्या. किशोरीच्या नखाखाली सल होता तिथं ठसठसत होतं. तिनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "मला तरी कोलंबी कुठं आवडते."

प्राप्तीनं तिच्याकडे पाहिलं. लांबून बर्फाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, आणि दोघींची पावलं नकळत झपझप पडायला लागली.